जागती तार

पनवेल हें वाटसरूंचें गांव आहे. मुंबईहून पुण्याकडे घाट चढणारा आणि कोंकणांतून गोव्याकडे जाणारा, दोघांचीही वाट याच गांवावरून जाते. बोरघाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला. १९७३ सालीं वाशीच्या खाडीवर पूल होऊन मुंबई जवळ आली. पुढें २००२ सालीं पुण्याचा द्रुतगतिमार्ग पुरा झाला आणि त्याचाही आरंभ शेजारच्या कळंबोलीसच झाला. जेथें इतक्या वाटा एकत्र येतात तेथें गाड्या नादुरुस्त होणें आणि त्या दुरुस्त करणारे कुशल हात जमणें, हीं दोन्हीं ओघानेंच आलीं. फिटर, वायरमन, टायरवाले यांची वस्ती या गांवास नवी नाहीं.

अशा या गांवांतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या पावसाळ्यानंतर जो प्रकार घडला, तो आज वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें. प्रकार लहान आहे आणि देवाच्या कृपेनें त्यांत कोणास इजा झाली नाहीं. परंतु ज्या अज्ञानामुळें तो घडला तें आपल्या सुशिक्षित घरांतून इतकें सार्वत्रिक आहे, कीं त्याविषयीं मोकळेपणानें लिहिणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

या घरचे कर्ते पुरुष डॉक्टर होते. त्यांच्यापाशीं एक मॉरिस मायनर होती. आलेक इसिगोनिस यांनीं आंखलेली ही गाडी १९४८ सालीं प्रथम लोकांपुढें आली आणि पुढें दहा लाखांचा आंकडा गांठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. आपल्याकडे तिचाच एक अवतार 'बेबी हिंदुस्तान' या नांवानें निघाला होता. डॉक्टरांनीं या गाडींतून शिरढोण, आपटें, पेण या बाजूचे रोगी कित्येक वर्षें पाहिले. ते गेल्यावर दवाखाना बंद झाला, नांवाची पाटी उतरली. गाडी मात्र वाड्याच्या पडवीशेजारीं पत्र्याखालीं उभी राहिली. डॉक्टरीणबाई आतां ऐंशीच्या घरांत आहेत. वर्षांतून एकदां पालीच्या बल्लाळेश्वरास जावयाचें तें याच गाडीनें, हा त्यांचा नेम आहे. बाकी कोणत्याही बाबतींत त्या हट्ट धरीत नाहींत.

गाडी जुनी झाली म्हणजे तिचा सेल्फ आधीं कुरकुरूं लागतो. या गाडीचाही तसाच कुरकुरूं लागला. कधीं नुसताच 'खण्' असा आवाज होई, कधीं तोही होत नसे. चिरंजीव नव्या मुंबईंत एका कचेरींत मोठ्या हुद्यावर आहेत. त्यांनीं चौकशी करून जुन्या गाड्यांस बसेल असा नव्या पद्धतीचा सेल्फ मागविला आणि एका मिस्त्रीकडून तो बसवून घेतला. पहिल्याच ओढीस इंजिन सुरू झालें. डॉक्टरीणबाईंनीं गाडीस हळदकुंकू वाहिलें आणि सर्वांनीं पेढे खाल्ले.

दोन दिवसांनीं एक खोड ध्यानांत आली. खटका सोडल्यावरही सेल्फ एक-दोन क्षण गुणगुणत राही आणि आंतून दांत घासल्यासारखा आवाज येई. मिस्त्री पुन्हां आला, त्यानें तारांची थोडी अदलाबदल केली आणि ती खोड नाहींशी झाली. घरच्या मंडळींनीं सुटकेचा श्वास सोडला. खरी गोम मात्र येथेंच होती.

पुढें महिन्याभरानें, भर दुपारीं, घर निजलें असतां, डॉक्टरीणबाईंना रबर जळल्याचा वास आला. गाडीस चार दिवसांत कोणीं हात लावला नव्हता. चावी खुंटीवर होती. तरी बॉनेटच्या फटींतून धूर येत होता. पडवी लांकडी, वर कौलें, शेजारीं जळणाचा ढीग. आणि घरांत दोघीच, सासू आणि सून. सूनबाई महाविद्यालयांत संस्कृत शिकवितात. त्यांनीं धांवत जाऊन बॉनेट उघडलें, तेथेंच ठेवलेला पाना घेतला, हाताभोंवतीं टॉवेल गुंडाळला आणि बॅटरीचें एक टोक सोडविलें. धूर थांबला.

हें त्यांना कसें सुचलें असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, "मी नवी नवरी म्हणून या घरांत आलें तेव्हां मामंजींनीं हें दाखवून ठेवलें होतें. गांवाला जातांना ते स्वतः हें टोक काढून ठेवीत आणि म्हणत, 'सूनबाई, हें काढलें म्हणजे गाडी खरी निजली. नाहीं तर ती डोळे मिटून जागीच असते.'"

डॉक्टरांचें हें वाक्य आमच्या मनांतून जात नाहीं. झालेल्या प्रकाराची सर्व मीमांसा त्यांत आहे. ती थोडी उलगडून सांगतों.

सेल्फ हें यंत्र मुळांत कसें निघालें तें प्रथम पाहावें. पूर्वीं मोटार सुरू करावयाची म्हणजे पुढें उभें राहून हँडल मारावें लागे. इंजिनानें उलटा झटका दिला कीं मनगट मोडे. बायकांना आणि वृद्धांना मोटार हांकणें त्यामुळेंच दुर्घट होतें. अमेरिकेंतील डेटन शहरचे चार्ल्स केटरिंग हे आधीं दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रांस विजेची मोटर जोडण्याचें काम करीत असत. तेथें त्यांच्या ध्यानांत आलें, कीं जें काम क्षणभरच करावयाचें त्यासाठीं लहान मोटरीवरही तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकतां येतो. ती तापण्यापूर्वीं काम संपलेलें असतें. हीच कल्पना त्यांनीं गाडीस लावली आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर विजेचा सेल्फ आला.

कुवतीबाहेरचा हा भार म्हणजे किती, याची कल्पना असावी. गाडीच्या पुढच्या एका दिव्यास ३-४ अँपिअर प्रवाह पुरतो. सेल्फ फिरतांना लहान गाडींतही तो १०० ते २०० अँपिअर जातो. १२ व्होल्टच्या बॅटरींतून १५० अँपिअर घेणें म्हणजे दीड-दोन हजार वॅट, घरांतील दोन इस्त्र्यांएवढी वीज. एवढ्या प्रवाहाच्या वाटेवर फ्यूज घालण्याची चाल बहुतेक गाड्यांत नाहीं. म्हणून बॅटरीपासून सेल्फपर्यंतची जाड तार ही गाडींतील सर्वांत बलवान आणि सर्वांत निराधार तार होय. ती कोठें पत्र्यास टेकली तर प्रवाहास आवरणारें कोणी नसतें.

जुन्या मायनरमध्यें ही तार दोन तुकड्यांची असे. पहिला आंखूड तुकडा बॅटरीपासून ओढण्याच्या खटक्यापर्यंत. दुसरा लांब तुकडा खटक्यापासून सेल्फपर्यंत. पहिला सदैव जागा. दुसरा सदैव निजलेला. खटका ओढला कीं दुसरा दोन-चार क्षण जागा होई आणि हात सोडतांच पुन्हां निजे. सेल्फमध्येंही मोठी करामत नव्हती. दांड्यावर मळसूत्री आटे होते. दांडा एकदम फिरूं लागला कीं त्यावरचें दांत्यांचें लहान चाक जडत्वामुळें मागें राहून आट्यांवरून सरके आणि फ्लायव्हीलच्या दांत्यांत बसे. इंजिन चालू झालें कीं तेंच फ्लायव्हील त्यास परत भिरकावून देई. तो 'खण्' आवाज याचाच.

नवा सेल्फ याहून निराळा आहे. त्याची मोटर लहान व वेगवान असते, आंत दांतेचाकें घालून वेगाचें रूपांतर जोरांत केलेलें असतें आणि तीं बहुधा कायम चुंबकांवर चालते. त्याच्या पाठीवर सोलेनॉइड म्हणून एक विजेचा खटका स्वार झालेला असतो. तो प्रथम दांत्यांचें चाक पुढें ढकलून फ्लायव्हीलांत बसवितो आणि मगच मुख्य प्रवाह सोडतो. यामुळें दांते झिजत नाहींत आणि बॅटरीवर ताणही कमी पडतो. मात्र या सेल्फला दोन निरोप लागतात: मोठ्या बोल्टवर मुख्य प्रवाह आणि लहान टोकावर 'आतां उठ' एवढा हुकूम. जुन्या सेल्फचें एका तारेवर भागत असे, नव्याचें भागत नाहीं. सर्व घोटाळ्याचें मूळ या फरकांत आहे.

मिस्त्रीनें पहिल्या दिवशीं काय केलें? जुनी तार होती तशीच मोठ्या बोल्टवर बसविली आणि मोठा बोल्ट व लहान टोक यांना एका तुकड्यानें जोडून दिलें. खटका ओढला कीं दोन्ही निरोप एकदमच मिळत. ही युक्ति पुष्कळ ठिकाणीं चालवितात आणि वरवर ती चालतेही. परंतु कायम चुंबकांच्या मोटरीचा गुण असा, कीं ती वीज घेऊन फिरते तशी फिरत असतां वीज देतेही. खटका सोडला तरी मोटर वेगांत असते. ती उपजवीत असलेली वीज त्या तुकड्यांतून उलट सोलेनॉइडला पोंचते आणि त्यास सुटूं देत नाहीं. दांते अडकलेलेच राहतात आणि गुणगुण ऐकूं येते.

दुसऱ्या खेपेस मिस्त्रीनें तो तुकडा काढला आणि हुकुमासाठीं चावीपासून निराळी बारीक तार आणली. हें तत्त्वतः बरोबरच होतें. पण आतां मोठ्या बोल्टवर प्रवाह कायम हवा. म्हणून त्यानें जुन्या लांब तारेचें वरचें टोक खटक्याच्या पलीकडच्या बोल्टवरून काढून अलीकडच्या, म्हणजे बॅटरीच्या बाजूच्या, बोल्टवर बसविलें. पाना दोन वेळां फिरला, काम झालें. परंतु त्या दोन फेऱ्यांत साठ वर्षें निजलेली तार कायमची जागी झाली. तिच्यावरचें सुती वेष्टण विरलेलें, आंतलें रबर तडकलेलें. एके ठिकाणीं ती पत्र्याच्या उघड्या कडेवर टेकलेली. निजलेल्या तारेस हें सर्व क्षम्य होतें, जागतीस तें क्षम्य नव्हतें. महिनाभर रस्त्याच्या हादऱ्यांनीं कड रबरांत शिरत गेली आणि एका दुपारीं तांब्यास भिडली.

आम्ही मिस्त्रीस दोष देण्यासाठीं हें लिहीत नाहीं. त्यास जें सांगितलें तें त्यानें केलें. गुणगुण थांबली पाहिजे असें सांगितलें होतें, ती थांबली. 'किती होतील' आणि 'कधीं होईल' हे दोनच प्रश्न त्याला विचारले गेले. 'काय केलेंत तें समजावून सांगा' असें त्या घरांतील एकाही पदवीधरानें म्हटलें नाहीं. चिरंजीवांनीं हें आमच्यापाशीं स्वतः कबूल केलें. हाताला तेल लागणें म्हणजे आपल्या विद्येस उणेपणा येणें, अशी एक समजूत आपल्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. डॉक्टरांना ती शिवली नव्हती, म्हणून त्यांची सून त्या दिवशीं पडवी वाचवूं शकली.

आतां हें काम शेवटीं कसें झालें तें सांगतों; कोणाच्या घरीं अशी जुनी गाडी असेल त्यास उपयोगीं पडेल.

जुनी लांब तार काढून टाकली. तिच्या जागीं ३५ चौरस मिलिमीटर जाडीची नवी तांब्याची तार घेतली, दोन्ही टोकांस लग दाबून बसविले, सबंध तारेवर जाड आवरण चढविलें, जेथें पत्रा ओलांडावयाचा तेथें रबरी ग्रोमेट घातला आणि ती वीत-वीत अंतरावर पट्ट्यांनीं आंवळली. सेल्फच्या मोठ्या बोल्टवर रबरी टोपी घातली. बॅटरीजवळ एक मुख्य कटऑफ बसविला. गाडी उभी केली कीं तो फिरवावयाचा.

हुकुमासाठीं चावीपासून आणलेली तारही काढली. सोलेनॉइड जागा होतांना क्षणभर बराच प्रवाह खेंचतो आणि चावीचे नाजूक संपर्क त्यानें जळतात. तशी तार ठेवावयाची तर मध्यें रिले हवा. पण या गाडींत त्याहून सोपी वाट होती. जुना ओढण्याचा खटका मुळांत सेल्फचा संपूर्ण प्रवाह सोसण्यासाठींच केलेला. त्याच्या पलीकडच्या मोकळ्या बोल्टवरून ४ चौरस मिलिमीटरची एक तार सोलेनॉइडच्या लहान टोकास नेली. म्हणजे जागती जाड तार निराळी आणि हुकुमाची निजणारी तार निराळी. खटका जुनाच राहिला. त्याचें काम मात्र हलकें झालें.

इंजिन रबरी उशांवर बसलेलें असतें, म्हणून प्रवाहास परत जाण्यासाठीं इंजिनापासून बॉडीपर्यंत एक विणीची पट्टी असते. ती या गाडींत गंजून अर्धी तुटली होती, ती बदलली. ही पट्टी तुटली तर प्रवाह चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलींतून वाट काढतो आणि त्या तापून निघतात. मग व्होल्टमीटर लावून पाहिलें. सेल्फ फिरत असतां जाड तारेच्या दोन टोकांत अर्ध्या व्होल्टहून कमी फरक असावा आणि बॅटरी १० व्होल्टच्या खालीं जाऊं नये. दोन्ही गोष्टी ठीक निघाल्या.

एक सूचना आणखी. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोक बॉडीस जोडलेलें असे, हल्लीं ऋण टोक जोडतात. जुन्या सेल्फमध्यें चुंबकाच्या जागीं तारेचीं वेटोळीं असल्यामुळें त्यास दोन्ही सारखेंच. प्रवाह उलटला तरी तो त्याच दिशेस फिरे. कायम चुंबकांचा सेल्फ मात्र उलटा फिरतो आणि इंजिनास न हलवितां नुसता घुरघुरतो. तेव्हां विकत घेण्यापूर्वींच आपल्या गाडीचें कोणतें टोक बॉडीस आहे तें पाहावें. या गाडीचें हें परिवर्तन डॉक्टरांच्या हयातींतच झालें होतें. आणि बॅटरी सोडवितांना बॉडीस जोडलेलें टोक प्रथम काढावें, लावतांना तें शेवटीं लावावें. म्हणजे पाना पत्र्यास लागला तरी ठिणगी पडत नाहीं. सूनबाईंनीं नेमकें हेंच टोक काढलें होतें.

नवा सेल्फ घातल्यानें गाडीचें जुनेपण भ्रष्ट होत नाहीं काय, असें चिरंजीवांनीं विचारलें. केंद्र सरकारनें २०२१ सालीं पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं 'व्हीए' अक्षरांची निराळी नोंदणी ठरविली. तींत गाडी मूळ स्वरूपांत असावी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. सेल्फ बोल्टांवर बसतो आणि बोल्टांवरून निघतो. त्यासाठीं कोठें भोंक पाडलें नाहीं कीं कांहीं कापलें नाहीं. जुना सेल्फ तेल लावून, कापडांत गुंडाळून ठेवला आहे. वाटेल तेव्हां तो परत बसवितां येईल. फेरफार करावा तो परत फिरवितां येईल असा करावा, हा नियम आम्हांस गाड्यांपुरताच खरा वाटत नाहीं.

काम पुरें झालें त्या दिवशीं आम्ही तेथें होतों. मिस्त्री तोच होता. या वेळीं मात्र चिरंजीव बाह्या सारून त्याच्या शेजारीं वांकले होते आणि सूनबाई प्रत्येक तारेचा नकाशा काढीत होत्या. जागत्या तारा तांबड्या शाईनें, निजणाऱ्या निळ्या शाईनें. तो नकाशा बॉनेटच्या आंतल्या बाजूस चिकटविला. मिस्त्रीनें तो पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, असा कागद प्रत्येक गाडींत असता तर आमचा अर्धा त्रास वांचला असता."

मग डॉक्टरीणबाईंना गाडींत बसविलें. त्यांनीं खटका ओढला. डॉक्टरांच्या बोटांनीं झिजलेला तो खटका तसाच होता. इंजिन तत्काळ सुरू झालें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. थोडा वेळ इंजिन ऐकत राहिल्या, मग तें बंद करून उतरल्या आणि स्वतः वांकून कटऑफ फिरविला.

आपल्या घरांतही जागत्या तारा पुष्कळ आहेत: विजेच्या, गॅसच्या आणि दुसऱ्याही. त्यांपैकीं कोणत्या कोठें आहेत आणि त्या कशा निजवाव्या, हें घरांतील प्रत्येकास, विशेषतः दुपारीं घरीं असणाऱ्या बायकांस, कोणीं दाखवून ठेवलें आहे काय? नसल्यास हा अंक खालीं ठेवून तेवढें काम आजच करावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे.